चमत्काराची जबानी कशी वाचावी: गोंयच्या सायबापासून लिमाच्या रोसापर्यंत

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेत सांत फ्रान्सिस झेवियर, म्हणजे गोवेकरांचे ‘गोंयचे सायब’, यांचा देह असलेली चांदीची पेटी उंचावर ठेवलेली आहे. गोव्याच्याच कारागिरांनी ती १६३६-३७ च्या सुमारास घडवली. तिच्या अंगावर त्यांच्या आयुष्यातले प्रसंग ठोकून काढले आहेत. आजारी माणसं उठतात, समुद्रात पडलेला क्रूस खेकडा परत आणून देतो. यातले कित्येक प्रसंग चांदीवर येण्याआधी कागदावर आले होते आणि कागदावर येण्याआधी कुणीतरी ते शपथेवर सांगितले होते. सांगणारा साक्षीदार, विचारणारा पाद्री, उतरवून घेणारा नोटरी आणि मधे बहुतेक वेळा एक दुभाषी अशी ती मांडणी असे.

हे कागद वाचायचे कसे, त्याची ही वाट. इतिहासाचे विद्यार्थी, वसई-गोव्याचे स्थानिक अभ्यासक आणि चर्चच्या पुस्तिकेत ‘असंख्य चमत्कार घडले’ हे वाक्य वाचून पुढे काय असं ज्यांना वाटतं, ते सगळे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पोर्तुगीज किंवा लॅटिन आलं तर उत्तमच, पण भाषांतरावरही बरंच काम होतं. अट एकच. ‘हे खरंच घडलं का’ हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवायचा. श्रद्धाळू वाचक त्याचं उत्तर आधीच ‘हो’ देऊन बसतो, नास्तिक ‘नाही’ देऊन बसतो आणि दोघेही कागद न वाचताच उठतात.

आधी साल बघा

आपल्याकडे तुकोबांना संत कोणी केलं, या प्रश्नाला कचेरीचा पत्ता नाही. कॅथलिक जगात तो आहे. तिथे संतपण हा रीतसर खटला असतो, फाइल असते, १९८३ पर्यंत विरोधी बाजूचा वकीलही असे. या खटल्याचे नियम दर काही दशकांनी बदलत गेले. म्हणून कागद हातात आला की पहिली नजर तारखेवर जायला हवी.

१५८८ मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांनी रोममध्ये धर्मविधींचं कायमचं खातं उभारलं, संतपदाचे खटलेही त्याच्याकडे आले. त्याआधीच्या चौकशा बऱ्याच सैल आहेत. झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या सान्शियन बेटावर वारले. १५५६ च्या मार्चमध्ये पोर्तुगालचा राजा जुआंव तिसरा याने गोव्याच्या व्हाइसरॉयला लिहिलं की त्यांच्या कार्याबद्दल आणि चमत्कारांबद्दल शपथेवरच्या साक्षी गोळा करा. १५५६-५७ मध्ये गोवा, कोची, वसई आणि मलाक्का इथे त्या घेतल्या गेल्या. मृत्यूला चार-पाच वर्षंच झाली होती आणि हुकूम राजाचा होता. दुसरी फेरी रोमच्या आदेशावरून १६१० च्या दशकात झाली, अगदी तमिळ किनाऱ्यापर्यंत. या दोन फेऱ्यांतल्या साक्षी एकाच ढिगात टाकू नका.

पोप अर्बन आठवे यांनी १६२५ आणि १६३४ मध्ये नियम आवळले. रोमच्या मंजुरीआधी कुणाची सार्वजनिक पूजा करायची नाही, चमत्कारांची पुस्तकं परवानगीशिवाय छापायची नाहीत. १६२७ पासून मृत्यूनंतर पन्नास वर्षं थांबण्याचा नियमही आला. यातून एक सोपी खूण मिळते. यानंतरच्या संतचरित्रांत लेखकाचं एक निवेदन असतं की इथे ‘चमत्कार’, ‘संत’ हे शब्द मी माणसाच्या भरवशावर वापरतो आहे, चर्चचा निर्णय म्हणून नाही. ते पान लोक उलटून टाकतात. ते वाचावं, कारण त्यावरून लेखक कुठल्या धाकाखाली लिहितो आहे ते कळतं.

पुढचा टप्पा १७३४ ते १७३८ चा. पुढे पोप बेनेडिक्ट चौदावे झालेले प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी यांनी तेव्हा या खटल्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याकडे आजार बरे होण्याच्या साक्षींपाशी परत येऊ. शेवटचा मोठा बदल १९८३ चा, पण वसाहतकाळातल्या कागदांसाठी त्याची गरज क्वचितच पडते.

उत्तराआधी प्रश्न शोधा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि घोटाळा तिथेच होतो. साक्षीदार आपल्या मनाने बोलत नसे. त्याच्यापुढे आधीच तयार केलेली कलमं असत. अमुक पुण्यपुरुष अमुक ठिकाणी जन्मला, गरिबांची सेवा करत असे, अमुक आजारी बाईला त्याने बरं केलं, याबद्दल साक्षीदाराला काय माहीत आहे? ही कलमं खटला चालवणाऱ्या धर्मसंघाचे (पाद्र्यांच्या संघटनेचे) लोक तयार करत. बहुधा हातात असलेल्या चरित्रावरून.

म्हणजे चरित्रावरून प्रश्न निघाला, प्रश्नावरून साक्ष आली आणि त्या साक्षीच्या आधारावर पुढचं चरित्र लिहिलं गेलं. वीस साक्षीदारांनी जवळजवळ त्याच शब्दांत तीच गोष्ट सांगितली, तर तो वीस जणांचा पुरावा होत नाही. त्यांनी संगनमत केलं असंही होत नाही. शब्द कलमाचे आहेत आणि नोटरीच्या हातचे आहेत.

म्हणून वहीत डावीकडे कलम लिहा आणि उजवीकडे फक्त ते लिहा जे कलमात नव्हतं. खाटेची जागा, शेजारणीचं ओरडणं, नवसाला बोललेली मेणबत्ती, वैद्याने आदल्या दिवशी काढलेलं रक्त. माझ्या मते साक्षीचा खरा ऐवज त्या उजव्या बाजूलाच असतो. तिथे काहीच लिहायला मिळालं नाही, तर तो साक्षीदार फक्त होकार देऊन गेला आहे.

साक्षीदार कोण, आणि त्याला कळलं कसं

प्रत्येक जबानीच्या सुरुवातीला दोन-चार ओळी कंटाळवाण्या असतात. नाव, गाव, धंदा, लग्न झालं आहे का, वय ‘थोडंफार कमी-जास्त’. शेवटी सही असते, नाहीतर सही येत नसल्याने काढलेला क्रूस. या ओळी सोडू नका. गोऱ्या पोर्तुगीज अधिकाऱ्याचं नाव, आडनाव, हुद्दा सगळं येतं. स्थानिक ख्रिस्ती माणसाचं बाप्तिस्म्यानंतरचं नाव तेवढं येतं आणि त्यापुढे जातीचं नाव. गुलाम असेल तर मालकाचं नाव आधी. चौकशी ज्या समाजात झाली त्याची उतरंड या ओळींत दिसते, आणि बाकीची साक्ष कितीही भाविक असली तरी ती लपत नाही.

यानंतर तीन रंगांच्या पेन्सिली घ्या. साक्षीदाराने स्वतः पाहिलेलं एका रंगात, नाव घेऊन कुणाकडून ऐकलेलं दुसऱ्या रंगात, आणि ‘हे सगळ्यांना माहीत आहे, सगळीकडे बोललं जातं’ हे तिसऱ्या रंगात. हा तिसरा प्रकार आपल्याला कच्चा वाटतो. त्या काळच्या चर्चच्या कायद्यात मात्र लोकांतली कीर्ती हाही पुराव्याचा एक प्रकार होता, म्हणून नोटरी तो काळजीपूर्वक टिपून ठेवतो. तो पुसायचा नाही, वेगळा ठेवायचा.

मेक्सिकोचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. ग्वादालुपेच्या मातेने हुआन दिएगोला दर्शन दिलं ते परंपरेनुसार १५३१ मध्ये. १६६६ च्या चौकशीत कुआउतित्लानच्या म्हाताऱ्या रहिवाशांच्या साक्षी घेतल्या. त्यांच्यापैकी कुणाचाही १५३१ मध्ये जन्म झालेला नव्हता. आईबापांनी, आजीआजोबांनी सांगितलेलं त्यांनी दुभाष्यामार्फत सांगितलं. १५३१ चा पुरावा म्हणून ही साक्ष लंगडी ठरते. पण १६६६ मध्ये त्या गावातले वृद्ध आपल्या वाडवडलांबद्दल काय जपून होते, यासाठी तिच्याइतकं जवळचं साधन शोधून मिळणार नाही. हुआन दिएगोला संतपद मिळालं २००२ मध्ये.

मधली वर्षं मोजा

खेकड्याची गोष्ट घ्या. आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांच्या भागात वादळात झेवियर यांनी क्रूस समुद्रात बुडवला, तो हातातून निसटला, आणि किनाऱ्यावर उतरल्यावर खेकडा तो नांग्यांत धरून घेऊन आला. झेवियर त्या भागात होते १५४६ मध्ये. ही गोष्ट शपथेवर सांगणारा फाउस्तो रोद्रिगेस हा पोर्तुगीज साक्षीदार बोलला १६०८ मध्ये, फिलिपिन्समधल्या सेबूत. मधे बासष्ट वर्षं गेली. १५५६-५७ च्या पहिल्या फेरीत ज्या गोष्टी येत नाहीत आणि १६०० नंतर अचानक येतात, त्यांची वेगळी यादी करा. या यादीतल्या गोष्टी खोट्याच असतात असं नाही, पण रंगतदार जवळजवळ नेहमीच असतात, आणि चित्रकार-चांदीकार नेमक्या त्याच उचलतात.

त्या माणसाचं स्वतःचं लिखाण असेल तर ते शेजारी ठेवा

संतपदाच्या फर्मानात झेवियर यांना भाषांचं दैवी वरदान होतं असं म्हटलं आहे. अनोळखी लोकांशी ते त्यांच्याच बोलीत बोलत. आता त्यांची पत्रं उघडा. जानेवारी १५४४ च्या कोचीहून लिहिलेल्या पत्रात ते सांगतात की पोर्तुगीज आणि तमिळ दोन्ही जाणणारी माणसं गोळा केली, मोठ्या कष्टाने प्रार्थना तमिळमध्ये करून घेतल्या, पाठ केल्या आणि मग घंटा वाजवत पोरांना जमवलं. नोव्हेंबर १५४९ मध्ये जपानच्या कागोशिमाहून ते लिहितात की आम्ही या लोकांत पुतळ्यांसारखे उभे असतो, ते आमच्याबद्दल बोलतात आणि आम्हाला समजत नसल्याने गप्प राहतो.

इथे ‘पकडला चोर’ म्हणून थांबण्याचा मोह होतो. थांबू नका. पाठ केलेल्या चार प्रार्थना मोडक्या उच्चारांत म्हणणारा परदेशी पाद्री ऐकणाऱ्यांना ‘आपल्या भाषेत बोलला’ असं का आठवला? तमिळ किनाऱ्यावरच्या ‘परवा’ नावाच्या समाजातल्या कोळ्यांशी त्यांच्या बोलीत बोलायची तसदी आधी किती जणांनी घेतली होती? साक्ष इथे बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांबद्दल जास्त सांगते.

त्याच १५४४ च्या पत्रात आणखी एक जागा आहे. आजाऱ्यांकडून इतकी बोलावणी येत की सगळीकडे जाणं अशक्य होई, म्हणून ते प्रार्थना पाठ झालेल्या मुलांना पाठवत. मुलं घरी जाऊन आजाऱ्याजवळ प्रार्थना म्हणत आणि माणसं बरी होत. नंतरच्या कुठल्याही चरित्रात असा प्रसंग आला की विचारा, बरं करणारा हात कुणाचा होता?

आजार बरा झाल्याची साक्ष सुटी करून मांडा

निम्म्याहून जास्त वेळ तुम्ही आजारपणंच वाचत असाल. ताप, अडलेलं बाळंतपण, डोळे, लकवा. प्रत्येक साक्षीचे तुकडे पाडा: आजार कोणता आणि किती दिवसांचा, वैद्याने काय केलं, आशा कोणी व कधी सोडली, नवस कोणी बोललं, अंगाला काय लावलं, किती वेळात बरं वाटलं, पुन्हा उलटलं का. अंगाला लावायच्या वस्तू फार बोलक्या असतात. दिव्यातलं तेल, कपड्याचा तुकडा, समाधीची माती. कन्याकुमारीजवळच्या कोट्टारला झेवियर यांच्या प्रतिमेपुढचा दिवा तेलाऐवजी पाण्यावर जळाल्याची गोष्ट फार गाजली.

आता लाम्बेर्तिनी. त्यांच्या कसोट्या थोडक्यात अशा: आजार गंभीर हवा, आपोआप ओसरण्याच्या टप्प्यावर नको, औषध दिलेलं नसावं किंवा लागू पडलेलं नसावं, बरं होणं अचानक आणि पूर्ण हवं, शरीराच्या स्वाभाविक उलाढालीने ते झालेलं नसावं, आणि आजार उलटू नये. या कसोट्या माहीत असल्या की अठराव्या शतकानंतरच्या साक्षी ‘औषधांनी काडीचा फरक पडला नाही’ हे वाक्य इतक्या ठासून का सांगतात ते उलगडतं. खटल्याला ते वाक्य लागतं. सतराव्या शतकातली साक्ष याबाबतीत मोकळी असते. वैद्यही येतो, मातीही लावतात, काढाही देतात.

पेरूतल्या लिमाचे मार्तिन दे पोरेस यांचा खटला म्हणूनच मला फार रोचक वाटतो. बाप स्पॅनिश, आई गुलामीतून सुटलेली आफ्रिकी वंशाची. ते डोमिनिकन मठात सेवेकरी होते आणि धंद्याने न्हावी-शस्त्रवैद्य, म्हणजे रक्त काढणारे, मलमपट्टी करणारे, वनस्पती जाणणारे. आता साक्षीदार म्हणतो, त्यांनी हात लावला आणि जखम भरली. यात हाताला यश किती आणि कृपा किती? साक्षीदाराला हा प्रश्न पडलेलाच नसतो. मार्तिन वारले १६३९ मध्ये, साक्षी १६६० च्या सुमारास सुरू झाल्या, संतपद मिळालं १९६२ मध्ये. त्याच शहरातली, त्याच संघाच्या छायेतली, गोऱ्या घरातली रोसा १६१७ मध्ये वारली आणि १६७१ मध्ये अमेरिका खंडातली पहिली संत झाली. दोन तारखा शेजारी ठेवा, भाष्य करायची गरज उरत नाही.

शरीर हाही कागदच

झेवियर यांच्या देहाची साक्ष वेगळ्या जातीची आहे. चुन्यात पुरलेला देह आधी मलाक्काला आणि मग १५५४ च्या मार्चमध्ये गोव्याला आला, न कुजलेला. व्हाइसरॉयचे वैद्य कोस्मे साराइवा यांनी शपथेवर सांगितलं की मी अंग दाबून पाहिलं, पोट तपासलं, मसाले भरून टिकवल्याची खूण दिसली नाही. डाव्या बाजूच्या जखमेत दोन जेझुइटांना, म्हणजे झेवियर यांच्याच धर्मसंघातल्या माणसांना, बोटं घालायला लावली, ती रक्ताळून निघाली, आणि मी ती हुंगून पाहिली. आजच्या वाचकाला हे अंगावर येतं. पण इथे वैद्य म्हणून एक माणूस आपल्या धंद्याच्या रीतीने तपासणी करतो आहे आणि काय केलं ते क्रमाने सांगतो आहे. अशा साक्षीत निष्कर्ष आणि निरीक्षण वेगळं करणं सोपं जातं, म्हणून नवख्याने सुरुवात इथून करावी. १६१४ मध्ये जेझुइट प्रमुखांच्या हुकमाने उजव्या हाताचा पुढचा भाग कापून रोमला नेला. पुरावा मग स्वतःच प्रवास करू लागला.

कोणाला हवं होतं, आणि कोण गप्प आहे

खटल्याला पैसा लागतो. नोटरी, नकला, दुभाषी, जहाजाने कागद पाठवणं, रोममध्ये वर्षानुवर्षं बसून राहणारा प्रतिनिधी. म्हणून प्रत्येक फाइलमागचा राजा, संघ आणि शहर शोधा. १२ मार्च १६२२ ला झेवियर यांच्याबरोबर इग्नेशियस लोयोला, आविलाची तेरेसा, शेतकरी इसिद्रो आणि फिलिप नेरी यांना संतपद मिळालं. नेरी सोडले तर सगळे स्पेनच्या राजाच्या मुलखातले. पोपने चार स्पॅनियार्ड आणि एक संत जाहीर केला, अशी रोमकरांची कोटी सांगतात.

गप्प असलेल्यांचं काय? रोसाच्या पहिल्या साक्षी १६१७ मध्येच सुरू झाल्या आणि रोमच्या आदेशाची फेरी १६३० ते १६३२ ची. मधे १६२५ मध्ये लिमाच्या इंक्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, दर्शनं होतात असं सांगणाऱ्या काही स्त्रियांना जाहीर शिक्षा केल्या. रोसाच्या वर्तुळातल्या लुइसा मेल्गारेहोच्या वह्याही जप्त झाल्या होत्या. तेव्हा १६३० नंतर एखादी बाई रोसाच्या दर्शनांबद्दल हातचं राखून बोलत असेल, तर तिला विसर पडला असं समजू नका. गोव्यातही इंक्विझिशन १५६० पासून होतं. १६१० च्या दशकातली साक्ष त्या छायेत दिलेली आहे.

पलीकडच्या बाजूचे कागद

जिथे शक्य असेल तिथे ही पायरी चुकवू नये. मराठी वाचकाच्या हाताशी तर उत्तम उदाहरण आहे. नोव्हेंबर १६८३ मध्ये पोर्तुगीजांचा फोंड्याचा वेढा फसला, त्याच महिन्यात संभाजी महाराजांच्या फौजेने जुवे बेट (सांत इस्तेव्ह) घेतलं आणि ते परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर जखमी होऊन कसाबसा सुटला. गोव्याची परंपरा सांगते की त्याने झेवियर यांची समाधी उघडवून आपला अधिकारदंड संताच्या पायाशी ठेवला, राज्य तुझ्या हाती म्हणून. मराठे माघारी गेले. गोवा वाचला.

आता दुसऱ्या बाजूचं बघा. त्याच सुमारास औरंगजेबाचा मुलगा शाहआलम प्रचंड फौजेनिशी घाट उतरून येत होता आणि जानेवारी १६८४ च्या सुमारास महाराजांना गोव्यातून निघावं लागलं. मोगलांच्या हालचालीने माघारीचं कारण कळतं, पण व्हाइसरॉयने दंड तिथे का ठेवला ते कळत नाही. त्यासाठी राजधानीतली घबराट, तुटपुंजी शिबंदी, आणि आपल्या अधिकाराला राजापेक्षा जवळचा आधार हवा ही गरज, हे सगळं पोर्तुगीज कागदांतूनच काढावं लागतं. एका घटनेला दोन स्पष्टीकरणं आहेत म्हणून एक फाडून टाकायचं नसतं. ती वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत.

लिहिताना

आपल्या लेखात ‘चमत्कार घडला’ आणि ‘अफवा पसरली’ ही दोन्ही वाक्यं टाळा. ‘अमुक साली, अमुक ठिकाणी, अमुक धंद्याच्या साक्षीदाराने शपथेवर सांगितलं की...’ असं लिहा. लांबलचक होतं, होऊ दे. साक्षीचं साल आणि प्रसंगाचं साल दोन्ही द्या. सांगणाऱ्याने पाहिलं की ऐकलं, ते त्याच वाक्यात यावं. आजचे आजारांचे शब्द जुन्या तापांना चिकटवू नका, मूळ वर्णन ठेवा.

हुतात्म्यांच्या फाइली थोड्या निराळ्या वाचाव्या लागतात. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मारले गेले. तिथे चमत्कारापेक्षा मरण श्रद्धेपायी आलं का, हा मुख्य मुद्दा होता. १६२७ मध्ये पहिली पायरी आणि संतपद थेट १८६२ मध्ये. बाणावलीत जन्मलेले जोसेफ वाझ १७११ मध्ये कँडीत वारले, थोड्याच वर्षांत कोचीच्या बिशपने चौकशी सुरू केली, आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराची अट सोडून त्यांना संतपद दिलं.

साधनं कुठे मिळतील? झेवियर यांच्या १५५६-५७ च्या साक्षी ‘मोनुमेंता झावेरियाना’च्या १९१२ च्या दुसऱ्या खंडात छापलेल्या आहेत. गोव्यात पणजीचं पुराभिलेख खातं आणि पर्वरीचं झेवियर इतिहास संशोधन केंद्र इथे चौकशी करावी. वसईकरांनी मात्र गोव्याच्या मोठ्या फाइलला हात घालण्याआधी वसईत घेतलेल्या साक्षी उघडाव्यात. तो किल्ला आणि ती बंदरं पायाखालची असल्याने साक्षीदार कुठे उभा राहून बोलतो आहे, हे नकाशा न उघडता कळतं.